दावा निकाली

चहा गॅसवर ठेवून इंद्रजीतनं सवयीनं मोबाइलवर कोर्टाची साइट उघडली. आधी जिल्हा, मग कोर्ट, मग दाव्याचा नंबर आणि वर्ष, आणि शेवटी त्या चौकटीतली वाकडीतिकडी अक्षरं. ती ओळखून बरोबर टाकली की मग साइटला पटायचं की समोर माणूसच बसलाय. गोल चक्र फिरलं आणि नावं आली. केसरबाई रामकिसन औताडे विरुद्ध इंद्रजीत नानासाहेब म्हस्के. इथपर्यंत सगळं रोजच्यासारखं होतं. पण खाली, जिथं पुढची तारीख असायची, तिथं तारीख नव्हती. 'निकाली' असा शब्द होता, आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वादीनं दावा मागे घेतला. त्यानं चष्मा बनियनला पुसला. साइट बंद केली, परत पहिल्यापासून सगळं भरलं, अक्षरं चुकली, पुन्हा भरली. शब्द तोच आला. तोवर चहा उतू जाऊन गॅस विझला होता आणि स्वयंपाकघरात कच्च्या गॅसचा वास पसरायला लागला होता. त्यानं खिडकी उघडली. पुंडलिकनगरच्या गल्लीत टँकर येऊन उभा होता आणि बायका पाइपासाठी एकमेकींवर ओरडत होत्या. जून अर्धा संपला होता आणि आभाळ पितळी भांड्यासारखं कोरडं होतं. आपण दावा जिंकलो, असं तो मनात म्हणून पाहत होता. म्हणून झाल्यावर पुढं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

केसर त्याची सख्खी थोरली बहीण. तो तिला अक्का म्हणायचा. म्हणजे म्हणायचा तेव्हा. वडील, नानासाहेब, गेले आणि दौलताबाद रोडला पडेगावजवळचं शेत वारसांच्या नावावर चढायची वेळ आली, तेव्हा सगळ्या घरांत होतं तसंच इथंही होईल असं त्यानं धरलं होतं. बहीण हक्कसोडावर अंगठा देते, भाऊ तिला साडीचोळी करतो, आणि दोघंही आपापल्या वाटेनं जातात. शहर तेव्हा पडेगावला येऊन टेकलं होतं. आजूबाजूच्या शेतांत चुन्याच्या रेघा पडत होत्या, ज्वारीच्या जागी प्लॉटचे नंबर उगवत होते, आणि इंद्रजीतनंही एका माणसाला शब्द देऊन ठेवला होता. अक्का आली, कागद पुढं ठेवला, तिनं पेन उचललं नाही. "सगळं तुझं तुला," ती म्हणाली होती, "विहिरीकडचा तुकडा तेवढा मला राहू दे." तो तुकडा मधोमध होता. तो काढला तर प्लॉटच पडत नव्हते. त्यानं समजावलं, मग आवाज चढवला, मग यमुनेनं, त्याच्या बायकोनं, मध्ये पडून पाहिलं. पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला अक्का आली नाही. तिच्या वकिलाची नोटीस आली.

त्या गोष्टीला किती काळ लोटला हे त्याला दाव्याच्या वर्षावरून मोजता आलं असतं, पण तो आठवायचा ते पावसांवरून. म्हणजे न आलेल्या पावसांवरून. एका दुष्काळात वादीचा जबाब झाला. एका दुष्काळात कोर्ट कमिशनर शेत मोजायला येऊन गेला आणि उन्हानं त्याला चक्कर आली. सुरुवातीला इंद्रजीत प्रत्येक तारखेला स्वतः जायचा. अदालत रोडवरच्या त्या इमारतीत, कोर्टाच्या दारासमोरच्या गॅलरीत दोन बाकं समोरासमोर होती. एकावर तो बसायचा, दुसऱ्यावर अक्का. मध्ये पट्टेवाल्याची जा-ये. बोलायचं काही नव्हतंच, वकिलांनी दोघांनाही ताकीद दिली होती. पण सकाळभर माणूस समोर बसलेलं असलं की दिसतंच. तिचे केस कानाजवळून पांढरे व्हायला लागलेले त्याला दिसले. तिनं एकदा चपलेला तार बांधून आणलेली दिसली. तारखेच्या आदल्या दिवशी यमुना त्याच्या शर्टाला इस्त्री करायची. "अक्कांसमोर मळकं जाऊ नका," म्हणायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर पाणी देता देता विचारायची, "कशा दिसल्या?" कोर्टात काय झालं हे ती विचारत नसे. एकदा त्याला ठसका लागला होता, काही केल्या थांबेना, तर समोरच्या बाकावरून एक पाण्याची बाटली फरशीवरून घरंगळत त्याच्या पायाशी आली. त्यानं वर पाहिलं तर अक्का जिन्याकडं तोंड करून बसली होती. त्यानं पाणी प्यायलं, झाकण लावलं, बाटली बाकावर ठेवली. ती उठून जाताना घेऊन गेली.

मग यमुना गेली. फार दिवस न काढता, तपासण्यांचे कागद यायच्या आतच गेली. अक्का आली होती, असं त्याला मागाहून कोणी सांगितलं. बायकांत बसली आणि मयत उचलल्यावर निघून गेली. त्यानंतर त्याचं तारखांना जाणं सुटलं. वकील म्हणाले, तुमचं रोज काही काम नसतं, मी पाहतो, आणि तारीख काय पडली ते आता घरबसल्या दिसतं. त्यांच्या क्लार्कनंच मोबाइलवर साइट लावून दिली होती. चिकलठाण्याच्या ज्या कंपनीत त्यानं आयुष्य काढलं, तिनं त्याच सुमारास जुन्या लोकांना लवकर मोकळं केलं. मिहिर, त्याचा मुलगा, पुण्यात होता. रविवारी फोन करायचा, पाणी आलं का विचारायचा. दिवस मोठे झाले. आणि त्या मोठ्या दिवसांत इंद्रजीतला ही साइट सापडली. आधी तो फक्त स्वतःचा दावा पाहायचा. मग एके दुपारी गंमत म्हणून त्यानं नावानं शोधायच्या जागी कंपनीतल्या जुन्या मॅनेजरचं नाव घातलं, आणि त्या टापटीप माणसाचे भाडेकरूशी चाललेले दावे ओळीनं समोर आले. त्यानंतर तो रोज कोणाला तरी शोधायला लागला. शाळेतले सोबती, पडेगावची भावकी, गल्लीतला किराणावाला. स्पेलिंग कोण कसं टाकेल याचा नेम नव्हता. एकच नाव केशर, केसर, केसरबाई असं तीन तऱ्हेनं घालून बघावं लागायचं. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं अशा माणसांच्या पुढच्या तारखा त्याला पाठ झाल्या. कोणाची पोटगी, कोणाचा बांध, कोणाचा चेक परत आलेला. लोकांच्या घरात चोरून डोकावल्यासारखं वाटायचं खरं. पण त्या घरांतून कोणी दार उघडून या बसा म्हणत नव्हतं, हेही होतंच. एकदा त्यानं यमुनेचं नाव घातलं. यमुना इंद्रजीत म्हस्के. वेगवेगळी वर्षं घालून पाहिली. दर वेळी तेच उत्तर यायचं, नोंद आढळली नाही. इतकी वर्षं ती या शहरात जगली, पाण्याच्या रांगेत उभी राहिली, पोर वाढवलं, आणि तिचं कोणाशी काही भांडण नव्हतं. तो फोन हातात धरून तसाच बसून राहिला होता, आणि त्या दिवशी त्यानं दिवा लावायचाही कंटाळा केला.

त्यानं वकिलांना फोन लावला. ते कोर्टात पोहोचले होते, मागं गलका ऐकू येत होता.

"हां, मी सांगणारच होतो तुम्हाला," ते म्हणाले. "बाईंनी स्वतः येऊन सही केली. बिनशर्त मागे घेतला."

"काही म्हणल्या का?"

"काय म्हणणार? जजसाहेबांनी विचारलं, कोणाचा दबाव आहे का. नाही म्हणाल्या. एक मिनिटाचं काम." मग ते हसले. "अहो म्हस्के, पेढे द्यायचे सोडून तुम्ही असे काय बोलता? मोकळं झालं शेत."

"त्या येत होत्या का हो तारखांना?"

"कोण, बाई? हर तारखेला. त्यांना तर सांगायचो, आजी, तुम्ही नका येत जाऊ. पण त्या आपल्या येऊन बाकावर बसायच्या."

फोन ठेवल्यावर इंद्रजीत सांडलेला चहा पुसायला लागला. बाकावर बसायच्या. समोरचं बाक रिकामं असायचं, किंवा त्यावर दुसरंच कोणी बसलेलं असायचं. पुसता पुसता त्याच्या मनात एक विचार आला, आणि तो आला तेव्हाच त्याला खरा वाटला: अक्काचा राग निवला. वय झालं, जीव थकला, एकुलता एक भाऊ, बायको गेलेला, म्हणून तिनं सोडून दिलं. लहानपणी खेळताना शेवटी तीच हरायची. तो रडायला आला की सोंगट्या स्वतःच उधळून द्यायची आणि म्हणायची, जा, तू जिंकलास. एवढी साधी गोष्ट होती, आणि एवढी वर्षं गेली. त्यानं अंघोळ केली, बादलीतलं निम्मं पाणी राखून. शर्टाला स्वतः इस्त्री केली. कॉलरला सुरकुती राहिली.

रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तो वाटेत साडीच्या दुकानात शिरला. दुकानदारानं गादीवर बसवलं, पंखा त्याच्याकडं वळवला, आणि विचारलं, "कोणासाठी पाहिजे, काका?"

"बहिणीसाठी."

"हिरव्यात दाखवू का? चांगले काठ आलेत. का साधं, फिकं काही?"

दुकानदार अदबीनं थांबला. त्याला काय विचारायचं होतं ते स्वच्छ होतं, आणि इंद्रजीतला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. रामकिसनदाजी आहेत की गेले? कोर्टाच्या कागदावर तर त्यांचं नाव अक्काच्या नावामागं होतंच. पण ते दावा लावला तेव्हाचं. कागदावरची नावं हलत नसतात. गॅलरीतल्या बाकावर बसलेल्या अक्काचं कपाळ त्यानं आठवून पाहिलं. तिचे पांढरे केस आठवले, तार बांधलेली चप्पल आठवली, कुंकू आठवेना. ती तोंड वळवून बसायची आणि तो फरशीकडं बघत बसायचा. "नंतर येतो," म्हणून तो उठला. दुकानदारानं पंखा परत आपल्याकडं फिरवला.

जालना रोडनं स्कूटरवर जाताना उन्हाची झळ तोंडावर येत होती. ह्याच रस्त्यानं कंपनीची बस त्याला रोज न्यायची आणि आणायची. विमानतळाच्या भिंतीपुढं डाव्या हाताला एक फाटा होता, आणि अक्काचं घर त्या फाट्याच्या आत आहे हे त्याला तेव्हाही माहीत होतं. दावा लागल्यावर तो बसमध्ये जाताना उजव्या, येताना डाव्या बाजूच्या खिडकीशी बसायला लागला. आता फाट्याच्या आत सगळंच बदललं होतं. बंद पडलेल्या कारखान्यांच्या शेडशेजारी चार-चार मजल्यांच्या इमारती उठल्या होत्या, निम्म्यांना रंगसुद्धा नव्हता, आणि प्रत्येकीसमोर निळे ड्रम मांडून ठेवलेले. तो विचारत विचारत पोहोचला तेव्हा नेमका टँकर आलेला. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, माणसं जिन्यातून हंडे घेऊन धावत होती. त्या गर्दीत त्याला अक्का दिसली. पदर कमरेला खोचून ती पाइपाचं तोंड ड्रममध्ये धरून उभी होती. कपाळ मोकळं होतं.

तिनं त्याला पाहिलं. पाइप हलला, पाणी बाहेर सांडलं, आणि शेजारची बाई म्हणाली, "ओ मावशी, ध्यान कुठंय?" अक्कानं पाइप नीट धरला. मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, "उभा काय राहिलास? ती घागर घे. तिसऱ्या मजल्यावर. दार उघडंच हाये."

त्यानं घागर उचलली. टँकरचं पाणी ड्रममध्ये घेतलं की ते खाली ठेवून चालत नसे, वर चढवावं लागायचं. तो चढत होता, ती खाली भरत होती, आणि जिन्यात एकमेकांना ओलांडताना भिंतीला अंग चोरत होते. चौथ्या की पाचव्या खेपेला त्याला धाप लागली आणि तो कठड्याला टेकला. अक्का खालून भरली कळशी घेऊन आली. त्याच्याहून मोठी असून तिचा श्वास संथ होता. "बस जरा," ती म्हणाली, "तुला सवय नाय." आणि पुढं गेली. ओल्या जिन्याचा सिमेंटचा वास, शर्टाला चिकटलेला घाम, पोटरीत आलेला गोळा, सगळं त्याला फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत आपण दोघांनी मिळून काही केलं नव्हतं, हे त्याला आत्ता कळत होतं.

वर घर दोन खोल्यांचं होतं. भिंतीवर रामकिसनदाजींचा फोटो होता, हार घातलेला, हारही आता जुना झालेला. अक्काची मुलगी सोनिया बँकेत होती. ती दुपारच्या सुट्टीत घरी आली आणि दारातच थबकली. त्याला ओळखायला तिला क्षणभर लागला.

"मामा?"

"पाणी दे त्याला," अक्का म्हणाली. "अन् च्या ठेव."

सोनिया आत गेली. अक्का खाली भिंतीला टेकून बसली, पदरानं मान पुसली. इंद्रजीत खुर्चीच्या कडेवर बसला, मग खुर्ची उंच वाटली म्हणून तोही खाली सतरंजीवर बसला.

"दाजींचं मला कळलं नाही," तो म्हणाला.

"कळवलं नव्हतं."

मग तिनंच विचारलं, "केस काढून घेतली म्हणून आलास?"

"व्हय." कंपनीत, गल्लीत, मुलाशी बोलताना तो असं बोलत नसे. पण तिच्यासमोर तेच तोंडातून आलं. "सकाळी मोबाइलवर बघितलं. मग राहवलं नाय, अक्का. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं, तू सोडून दिलंस समदं. माझ्यावरचा राग."

अक्कानं त्याच्याकडं नीट पाहिलं, पहिल्यांदाच. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि ते पाहून तो मोकळं हसणार होता, तेवढ्यात ती म्हणाली, "तू पडेगावला कधी गेलतास शेवटचं?"

त्यानं आठवून पाहिलं. कमिशनर मोजणीला आला होता तेव्हा. त्यानंतर कशाला जायचं? कोर्टाचा मनाई हुकूम होता, विकता येत नव्हतं, पेरण्यासारखं पाणी नव्हतं.

"मी गेलते," ती म्हणाली. "सोनियाला म्हणलं, स्कूटीवर ने मला एक डाव, बघून येऊ. काही वळखू येईना रं. चहूकडून बिल्डिंगा. आपलं शेत मधात उकिरड्यासारखं पडलंय. विहीर शोधायलो तर सापडंना. मंग सोनियाच म्हणली, आई, तू विहिरीवरच उभी हायेस." ती थांबली. "बुजवलीय ती. आजूबाजूच्यांनी बांधकामाचा मलबा आणून टाकलाय. फरशीचे तुकडे, सिमेंटचे गोणे, संडासाची फुटकी भांडी. काठापतोर. वरून माती पसरलीय, अन् तिच्यावर कोणीतरी कोंबड्यांचा खुराडा ठेवलाय."

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"ते कळलंच मला. तुला माहीतच नव्हतं." तिनं आवाज चढवला नाही. "मी म्हणत व्हते, कमीत कमी राखायलास. माझ्याशी भांडायलास म्हणजे तुला पायजे असंल, म्हणून राखायलास. रागात तरी नजर ठिवली असंल. मी कोर्टात बसायची ते याच भरवशावर."

सोनियानं चहा आणून ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"ती विहीर तुला एवढी का पायजे व्हती, ते तू कधी सांगितलंच नायस," इंद्रजीत म्हणाला. त्याला स्वतःलाच ते पळवाट काढल्यासारखं वाटलं.

"तू इचारलंस कव्हा? वकिलानं इचारलं, त्याला सांगितलं. त्यो म्हणला, आजी, असं कागदात लिहीत नसतेत." तिनं बशीत चहा ओतला, प्यायली नाही. "बाहत्तरच्या दुष्काळात विहीर खोल केली. तुला आठवतंय?"

त्याला आठवत होतं. तो सात-आठ वर्षांचा होता. नानासाहेबांच्या खांद्यावर तो बसला होता, खाली माणसं जमली होती, आणि त्याच्या हातून नारळ फोडला होता. तांब्यात गढूळ पाणी होतं आणि पहिला घोट त्याला दिला होता. म्हस्क्याच्या पोराच्या पायानं पाणी लागलं, असं कोणी म्हणालं होतं, आणि आईनं, सारजाबाईनं, त्याची दृष्ट काढली होती. हे सगळं इतकं लख्ख आठवत होतं की त्यानं ते सांगितलंसुद्धा.

"आन् मी कुठं व्हते?" अक्कानं विचारलं.

त्यानं त्या चित्रात तिला शोधलं. आई होती, वडील होते, नारळ होता. अक्का कुठंच नव्हती.

"मी खाली व्हते," ती म्हणाली. "सुरुंग लावून लावून नाना थकले. उगवतीच्या कोपऱ्यात ओल दिसली म्हणून तिथं बारका खड्डा घेतलता, त्यात मोठं माणूस मावंना. मंग मला सोडायचे दोरानं. शाळा सोडवली त्याच्यापायी. दिवस-दिवस खाली. हातानं गाळ काढायची, टोपल्यात भरायची, आई वर ओढायची. पाणी लागलं ते माझ्या हाताला लागलं. गार. मी हाका मारल्या. मंग टोपल्यात तांब्या घालून पाठवला वर. तुम्ही वर नारळ फोडला. मला काढायचं लई येळानं आठवलं कोणाला तरी."

बाहेर टँकर निघून गेल्याचा आवाज आला. इंद्रजीतच्या हातातला चहा निवला होता.

"मला जमीन नव्हती पायजे," ती म्हणाली. "त्यो खड्डा पायजे व्हता. तेवढंच मी केलेलं हाये जगात, पोरगी सोडली तर. आता त्योच नाय, तर काय मागू कोर्टात? म्हणून काढून घेतली. माफ केलं म्हणून नाय. रागावले म्हणूनबी नाय. मागायला काही राहिलं नाय, इंदू."

तिनं त्याला लहानपणच्या नावानं हाक मारली, आणि त्यात माया होती की नुसती सवय, हे त्याला ओळखता आलं नाही. तो उठला तेव्हा तिनं बस म्हटलं नाही. सोनिया जिन्यापर्यंत आली. "मामा, स्कूटर सावकाश चालवा," एवढंच ती म्हणाली.

तो घरी गेला नाही. पुंडलिकनगरचा चौक आला तशी स्कूटर सरळ नेली, शहर ओलांडून पश्चिमेला, छावणीच्या पुढं. पडेगावला पोहोचला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. अक्कानं सांगितलं तसंच होतं सगळं. बाल्कन्यांतून वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधोमध ते शेत पडून होतं, काटेरी रेंगणी आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेलं. खुराडा होता. कोंबड्या मातीच्या ढिगावर टोचत होत्या. त्यानं पायानं माती उकरली, खाली फरशीचा तुकडा लागला, गुलाबी फुलांचा. रोज सकाळी तो हे शेत मोबाइलवर उघडत होता. गट नंबर, चतुःसीमा, वादी, प्रतिवादी, पुढची तारीख. आपण ते राखतोय असंच त्याला वाटत आलं होतं. एका गॅलरीतून कोणी बाई खाली वाकून बघत होती. "काय पाहिजे, काका?" ती म्हणाली. "जागा विकायची हाय का?"

"नाही," तो म्हणाला.

त्यानं दौलताबादकडच्या धोंडिबाला गाठलं. धोंडिबाकडं यारी होती, विहिरीच्या काठावर उभं करून खालचा दगड-गाळ दोरानं वर ओढायचं लोखंडी यंत्र. तो येऊन बघून गेला आणि टोपी मागं सारून म्हणाला, "मालक, असल्या दुष्काळात लोक चालू विहिरी सोडून द्यायलेत अन् तुम्ही बुजलेली उकरायलात? पाणी नाय लागायचं हितं. चहूकडून बोअर झालेत."

"पाण्यासाठी नाही."

"मंग कशापायी?"

"मोकळी करायची आहे," तो म्हणाला.

काम सुरू झालं. मिहिरनं फोनवर ऐकलं आणि म्हणाला, "पप्पा, तुम्ही बरे आहात ना? मी येऊ का?" ज्या माणसाला पूर्वी शब्द दिला होता तो येऊन समजावून गेला. इंद्रजीत सकाळी यायचा, ढिगाशेजारी दगडावर बसायचा, आणि वर येणारी प्रत्येक खेप पाहायचा. फुटके कमोड, सळया, बाहुलीचा हात, देव्हाऱ्याची मोडकी संगमरवरी कमान. शहर वाढताना जे जे नको झालं होतं ते सगळं आत होतं. मग ते सरलं आणि काळा गाळ यायला लागला, आणि जुनं दगडी बांधकाम दिसायला लागलं, भिंतीतून बाहेर काढलेल्या पायऱ्यांसकट. एके दिवशी धोंडिबा खालून दोरानं वर आला, हात धुतले, म्हणाला, "झाली. तळ लागला. खडखडीत कोरडी हाये."

इंद्रजीतनं सोनियाला फोन केला. "अक्काला सांग, विहीर मोकळी झालीय," तो म्हणाला. पलीकडून ती "सांगते," म्हणाली.

अक्का आली नाही. तो वाट बघत राहिला. धोंडिबाला दुसरं काम होतं, यारी हलवायची होती, तरी इंद्रजीतनं काहीबाही कारणं काढून त्याला थांबवून ठेवलं. शेवटी एका सकाळी सोनियाची स्कूटी रस्त्यावर थांबली आणि मागच्या सीटवरून अक्का उतरली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मान हलवली, सरळ काठापाशी गेली. धोंडिबा तिला धरायला पुढं झाला, तिनं हातानं त्याला बाजूला केलं. वाकून ती खूप वेळ खाली बघत राहिली. इंद्रजीत तिच्या तोंडाकडं बघत होता. ते तोंड काही सांगत नव्हतं.

"हा तळ नाय," ती म्हणाली.

"असं कसं, मावशी?" धोंडिबा म्हणाला. "पक्का दगड लागलाय खाली."

"उगवतीचा कोपरा बघ. तिथला खड्डा अजून भरलेला हाये. दगड नाय तो, गाळ वाळून दगडावानी झालाय." मग ती सरळ झाली, कमरेवर हात ठेवला. "मावणार नायस तू त्यात," ती म्हणाली, आणि हे कोणाला म्हणाली ते कळलं नाही, धोंडिबाला की त्याला.

धोंडिबा मजुराला हाक मारणार होता. इंद्रजीतनं शर्ट काढला, घडी करून दगडावर ठेवला आणि पहार उचलली. "मालक, तुम्ही कुठं?" धोंडिबा म्हणत होता. अक्कानं अडवलं नाही. तो काठावरून पाय सोडून पहिल्या दगडी पायरीवर उतरला, मग दुसऱ्या. भिंतीला तोंड करून उतरावं लागत होतं. ऊन डोक्यावरून सरकत गेलं, अंगाला गारवा लागायला लागला, शहराचा सगळा आवाज, गाड्यांचा, बाल्कन्यांतल्या टीव्हींचा, एक एक करत वर राहिला. तळाशी पाय टेकले तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त आपला श्वास ऐकू येत होता. तो उगवतीच्या कोपऱ्यात गेला, गुडघे टेकून बसला. पहार मारली तशी वरची खपली फुटली. खाली मऊ होतं. खड्ड्याची कड हाताला लागली, अरुंद. खांदे खरंच आत जात नव्हते. त्यानं पोटावर पडून एक हात खांद्यापर्यंत आत घातला आणि मुठीनं गाळ काढायला लागला. एक मूठ, बाजूला. आणखी एक. नखांखाली काही गार लागल्यासारखं वाटलं. ओल असेल, किंवा नुसतीच सावलीतली माती. त्यानं मान वळवून वर पाहिलं. "अक्का," त्यानं हाक मारली. हाक भिंतींना लागून त्याच्याकडंच परत आली. वर विहिरीच्या तोंडाएवढं पांढरं आभाळ होतं, डोळे दिपवणारं, आणि काठावर कोणी उभं आहे की सगळे निघून गेले, हे खालून कळत नव्हतं.